वेल्मावहिनी आणि पाठमोरा जावई

माझ्या वेल्मावहिनीसारखी हट्टी बाई आमच्या नदीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायची नाही. हे मी तिच्या पाठीमागे म्हणत नाही, तोंडावर म्हणते. नणंदेला एवढा हक्क असतोच. भाऊ गेला म्हणून माझं नणंदपण काही सुटलं नाही. रोज सकाळी चहाचं काळं डबडं घेऊन मी तिच्या दारातल्या आंब्याखाली जाऊन बसते, आणि विणता विणता आम्ही एकमेकींची उणीदुणी काढतो.

वहिनी रानकेवडा विणते. तशा आम्ही सगळ्याच विणतो. पण मी टोपली विणली की ती टोपली दिसते. वहिनीने विणलेलं काय आहे, ते विणून झाल्यावरही जरा वेळ बघत बसावं लागतं. तुफानानंतर आमच्या किनाऱ्यावर मासेमारीची तुटकी जाळी वाहून येतात, निळी, हिरवी, प्लास्टिकची. ती उसवून, धुऊन वहिनी रानकेवड्याच्या पातीत मिसळते. पहिल्यांदा तिने हे केलं तेव्हा म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. माझ्या आईनेच विचारलं, "आपल्या आयांनी कधी प्लास्टिक विणलं होतं का गं?"

"त्यांच्या किनाऱ्यावर कधी आलं होतं का?" वहिनी म्हणाली.

आई गप्प बसली. माझ्या आईला गप्प बसवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं.

पुढे तिची एक चटई आमच्या या उत्तर टोकावरून थेट सिडनीच्या प्रदर्शनात गेली. चटई म्हणजे जमिनीवर अंथरायची नव्हे. उघडलेल्या छत्रीसारखी घेरदार, जिच्याखाली आमच्या आया तान्ह्या पोराला घेऊन बसत, डास नकोत, ऊन नको, कुणाची नजर नको म्हणून. तिथे बलांडांनी, गोऱ्या लोकांनी, ती छताला टांगली आणि वरून दिवा सोडला. विणीतून सावली पडली ती अख्खी भिंत भरून. आम्ही दोघी गेलो होतो. एका बाईने वहिनीला फार हळू आवाजात विचारलं, "या सावलीचा अर्थ काय?"

"दिवा बंद करा, मग कळेल," वहिनी म्हणाली.

परतीच्या विमानात आम्ही इतक्या हसलो की हवाई सुंदरीने पाणी आणून दिलं. पण घरी आल्यावर वहिनीने मुद्दाम भोकं सोडून विणायला सुरुवात केली. कुठे किती उजेड सांडायचा हे ती चटई उन्हात धरून ठरवायची. मस्करी केली तरी तिने त्या भिंतीवरून शिकायचं ते शिकून घेतलं होतं. मला ती अशीच आवडते.

असं हे फटकळ तोंड जगात एकाच माणसापुढे बंद व्हायचं. तो म्हणजे तिचा जावई, क्लेटन.

आमच्याकडे जावई समोरून आला की सासू वाट सोडते. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्यानेही नाही. यात राग नसतो, मान असतो. जिने पोर दिली आणि ज्याने पोर नेली, त्या दोघांना एकमेकांची लाज असते, आणि ती लाज सांभाळणं म्हणजेच नातं सांभाळणं. वहिनी आणि क्लेटन दोघंही हे फार मन लावून करायची. दुकानात तो तांदळाच्या पोत्यांपाशी असला तर ही गोठवलेल्या कोंबड्यांच्या पेटीत तोंड घालून उभी. गाडीतून जायचं झालं तर ही मागच्या फळीवर, उलट्या तोंडाने, डोक्यावरून टॉवेल. वहिनीची पोरगी नवऱ्याशेजारी पुढे बसून हसायची. "आई, तो उतरला, घे श्वास," असं ओरडायची.

तिचं नाव मी घेणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही.

ती गेल्या पावसाळ्यात गेली. लहानपणी घशाच्या तापातून हृदयाला लागलेलं दुखणं, इकडे घरोघरी आहे. क्लेटन तेव्हा गावात नव्हता. त्याचे काका वारले म्हणून तो आपल्या बापाच्या मुलखाला गेला होता, दोन दिवसांच्या वाटेवर. विमान आलं, तिला डार्विनला नेलं, आणि ती परत आली ती पेटीत. गावाला काय, जिभेला हाड नसतं. "नवरा कुठे होता?" हे प्रत्येक चुलीपाशी विचारून झालं. आमच्यात मरण आलं की कुणाचातरी दोष शोधतातच. वहिनीने आमच्या रीतीप्रमाणे दगडाने डोकं फोडून घेतलं, केस कापले, आणि ती कामापलीकडे बोलायचीच थांबली.

आणि खरी गोची पुढे झाली. इतकी वर्षं या सासू-जावयांमधला निरोप्या कोण होता? तीच. "तुझ्या नवऱ्याला सांग, पाती छान आहेत," "आईला सांग, रंगाच्या मुळ्या उद्या आणतो." सगळं तिच्या तोंडून. ती गेली आणि मधला पूलच वाहून गेला. आधीही दोघं गप्प होती, आताही गप्प होती; पण आताच्या गप्प बसण्यात मान आहे की राग, हे कोणी कोणाला सांगायचं? मी वहिनीला विचारायला गेले की ती दातांत पातं धरून ते चिरायची आणि मान हलवायची. होही नाही, नाहीही नाही.

एकदा पेट्रोलच्या पंपावर क्लेटन भेटला. "आत्या," तो म्हणाला, "शेवटचे विधी झाले की मी केशाला घेऊन माझ्या बापाच्या मुलखाला जातोय."

केशा त्याची लेक. वहिनीची नात. दात पडायच्या वयाची.

"का रे?"

"त्यांना माझं तोंड नको असणार."

"तोंड तर त्यांना आधीही नको होतं," मी म्हटलं.

तो हसला नाही. "तेव्हा ते मानाने होतं. आता कशाने आहे, मला कळत नाही, आत्या. रोज त्या दारावरून जायचं आणि रोज तेच मनात आणायचं. नाही होत."

बाप लेकीला आपल्या मुलखात नेतो म्हणाला तर त्याला कोण अडवणार? पण वहिनीकडे आता त्या पोरीशिवाय उरलंय काय, हे मला दिसत होतं. केशा गेली असती तर वहिनी विणत राहिली असती, पण कोणासाठी?

इतकं असून त्याने पाती आणणं सोडलं नव्हतं. वहिनी दवाखान्यात गेली की तो यायचा, आकडीच्या काठीने ओढून काढलेल्या पातींचा भारा आंब्याखाली ठेवायचा आणि निघून जायचा. वहिनीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला रंग दिसायचे, उजेड दिसायचा, माणसाचा चेहरा दिसायचा नाही. डार्विनला ऑपरेशन करून घे म्हणून नर्स मागे लागली होती. वहिनीचं एकच, "चटई झाल्यावर."

ही चटई तिने मरणानंतर विणायला घेतली होती. आधीच्या सगळ्यांहून मोठी. आमच्या कला केंद्राची हॅना म्हणायची, डार्विनच्या प्रदर्शनात मधोमध टांगू. त्यासाठी जाड दोर हवा होता, झाडाच्या सालीच्या वाखाचा, तीन पदरी. असा दोर एकटीने वळता येत नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी ताणून धरावं लागतं, आणि दोर वाढेल तसं मागे सरकावं लागतं. मधेच सोडला तर सगळा पीळ उलगडतो आणि दिवसाचं काम मातीत जातं.

हे काम ऑस्करचं. ऑस्कर वहिनीच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, अंगाने दणकट, कामाला कच्चा. गावाच्या फुटबॉल संघात खेळतो आणि संघाची पिवळी-काळी जर्सी अंगावरून उतरवतच नाही. क्लेटनही त्याच संघात. त्याच्याही अंगावर तीच.

त्या दिवशी डोळ्यांचा डॉक्टर यायचा होता. वहिनी दवाखान्यात गेली. पण वारा होता म्हणून विमानच आलं नाही, आणि ती चिडून परत आली. मी जरा पलीकडे चुलीवर पाती रंगवत होते. पिवळ्या मुळ्यांचा रंग उकळत होता आणि त्यात राख टाकून मी तो लाल करत होते. धुराने डोळे चुरचुरत होते. वर बघते तो काय, क्लेटन खांद्यावर भारा घेऊन घराच्या कोपऱ्यावरून आला, वहिनी दवाखान्यात आहे अशा समजुतीने, आणि वहिनी आंब्याखाली बसलेली.

तिला पिवळं-काळं काहीतरी दिसलं.

"आलास का एकदाचा?" ती म्हणाली. "सूर्य डोक्यावर आल्यावर? भारा टाक तिथे आणि हे टोक धर."

क्लेटन जागच्या जागी थिजला. मीही. ओरडावं तर दोघांचीही लाज जाईल, आणि न ओरडावं तर त्याहून जाईल. त्याने बोलायचं नाही, म्हणून मी ऑस्कर नव्हे असं त्याला सांगता येईना. मोठ्या माणसाने हातात दिलेलं काम टाकून जाणं हेही आमच्यात बसत नाही. वहिनीने दोराचं टोक फेकलंसुद्धा. त्याने ते धरलं, पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"तिकडे काय बघतोस? पोरी चालल्यात का?" वहिनी म्हणाली आणि मांडीवर वाख वळायला लागली. "ताणून धर. आणि ऐक. तुझ्याशी बोलायचंय म्हणून बोलावलं. या डल्सीला सांगितलं असतं, पण तिला सांगणं म्हणजे दुकानाच्या दारावर चिकटवणं."

डल्सी म्हणजे मी. मी डबा ढवळत राहिले. दुसरं काय करणार?

"केशाचा बाप जातोय म्हणे. खरं का? बोल की. बरं, नको बोलूस, मला माहीत आहे खरं आहे." वाख सरसरत होता. "लोक म्हणतात मी त्याला दोष देते. मी कोणाला काही म्हटलं का? तूच सांग, म्हटलं का? तो इथे नव्हता म्हणतात. अरे, त्याला मीच पाठवलं. पोरीला म्हटलं, काका वारले, नवऱ्याला पाठव, नाहीतर त्याची माणसं काय म्हणतील. तिला तो जायला नको होता. मी म्हटलं जाऊ दे."

दोर लांबत चालला होता. क्लेटन पाठमोराच एक पाऊल पुढे सरकला.

"तो गेल्यावर तिचे पाय सुजले. ती माझ्यासमोर बसायची, इथेच. मी पाहिलं. मी म्हटलं ऊन आहे, पाणी पी. माझं बोट चटईत अडकलेलं होतं, मला वीण मोजायची होती. वर मान करून मी नीट बघितलंच नाही, ऑस्कर. तेव्हा तर मला दिसत होतं."

तिचा आवाज बदलला नव्हता. भाजीबद्दल बोलावं तशी ती बोलत होती.

"दोर का हलतोय रे? रात्रभर पत्ते खेळत बसलास ना? सरळ धर. तर मला वाटतं, तो मला दोष देत असेल. द्यावाच. त्याची बायको मी नीट राखली नाही. म्हणून तो जातोय. आणि बघ, तरी पाती आणतोय. तू आणतोस ती बाहेरची, जून, काट्याने बोटं फाटतात. तो आणतो ती गाभ्यातली. पुरुषाला हे कळत नाही. तिनेच शिकवलं असणार. मी ती पाती चिरते ना, तेव्हा मला वाटतं, तिच्याच हाताने आली." तिने नाक पुसलं. "त्याला हे कोणी सांगायचं? ती होती तेव्हा तिला सांगितलं असतं. आता कोणाला सांगू? तू सांगशील? नको. तू नको सांगूस, तू अर्धं विसरशील. केशा जाईल. जाऊ दे. फक्त तो रागाने गेला नाही एवढं मला कळलं असतं, तरी चाललं असतं."

दोराच्या दुसऱ्या टोकाला तो धिप्पाड माणूस रस्त्याकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. दोर मात्र त्याने सोडला नाही.

अशात ऑस्कर आला. खरा ऑस्कर, हातात बटाट्याच्या चिप्सचं पाकीट. "मावशी, बोलावलं होतंस का?" त्याने लांबूनच विचारलं, आणि मग समोरचं पाहून त्याचा घास तोंडातच राहिला.

वहिनीने आवाज कुठून आला तिकडे मान वळवली. मग दोराकडे. पिवळं-काळं इकडे, पिवळं-काळं तिकडे. तिला कळायला फार वेळ लागला नाही. तिने शेजारी पडलेली ती अर्धी विणलेली चटई ओढली आणि अंगावरून पांघरून घेतली. वर शेंडा, खाली घेर, कडेने न विणलेल्या पातींची झिपरी टोकं, आणि आत वहिनी. क्लेटनने दोराचं टोक हळूच ऑस्करच्या हातात दिलं आणि तो निघून गेला.

वहिनी काही बाहेर येईना. दुपार झाली. हॅना आली, तिने चटईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आतून काम चाललंय." ती बिचारी मान डोलावून गेली. मी चटईखालून चहा सरकवला, तो आत गेला आणि रिकामा डबा बाहेर आला. केशा बिस्किटं घेऊन आत शिरली. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "आजी रडतेय का?"

"नाही. शिव्या देतेय."

"कुणाला?"

"आजीला."

संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर विणीची नक्षी उठली होती. कायदा मोडला होता, त्याची भरपाई द्यायला हवी. तिने आपली सर्वांत चांगली झोळी, नवं ब्लँकेट आणि चहाची मोठी पिशवी काढली. "वन्सं, हे नेऊन द्या," ती म्हणाली. ती मला वन्सं म्हणते ते फक्त फार रागात किंवा फार खचलेली असली की. "आता तो जाणारच. इतकी वर्षं सांभाळलं आणि एका दुपारी मी सगळं धुऊन टाकलं. मीच घालवला त्याला."

मी ते सगळं घेऊन क्लेटनकडे गेले. तो गाडी भरत होता. शेवटचे विधी आटोपले होते, शनिवारी निघायचं ठरवलं होतं. गाद्या, भांडी, केशाची सायकल, सगळं फळीवर रचत होता.

"आता कशाला जातोस?" मी म्हटलं. "ऐकलंस ना सगळं? राग नाही तिच्या मनात."

"म्हणूनच, आत्या. त्यांची मान माझ्यासमोर खाली गेली. मी इथे राहिलो तर त्यांना रोज तोंड लपवावं लागेल. एवढ्या मोठ्या बाईला." त्याने झोळी हातात घेऊन उलटीपालटी केली. "पण मी काही न बोलता गेलो, तर त्यांना वाटेल रागानेच गेला. तू सांग ना त्यांना."

"मी का सांगू?" मला रागच आला. "तिने तुला निरोप पाठवला असता तर मी उलट निरोप नेला असता. ती स्वतः बोलली आहे. चुकून का होईना, स्वतःच्या तोंडाने बोलली आहे."

"मग मी कसा बोलू? मला बोलता येत नाही."

"येतं," मी म्हटलं. "तुम्ही पोरं विसरलात."

माझ्या आईच्या काळी सासू-जावयांची एक निराळी बोली होती. तिच्यात 'तू' नव्हतं. कशाचंही सरळ नाव नव्हतं. माशाला पाण्यातलं म्हणायचं, विस्तवाला ऊब म्हणायचं. पाठ फिरवून, सावकाश, खालच्या आवाजात बोलायचं. तेवढ्या बोलीत सासू-जावई हवं ते बोलू शकत. आमच्या कायद्यांना लोक भिंत समजतात, पण शहाण्या म्हाताऱ्यांनी प्रत्येक भिंतीत एक दार ठेवलं होतं. मला ती बोली अर्धीमुर्धी येत होती. दोन दिवस नदीवर गळ टाकून बसल्या बसल्या मी त्याला ती शिकवली. त्याची जीभ सारखी अडखळायची. एका शब्दापायी तर आमचा चांगला मोठा मासा सुटला आणि मी त्याला दोन शिव्या घातल्या, त्या मात्र आमच्या रोजच्या भाषेत.

शनिवारी सकाळी भरलेली गाडी त्याने वहिनीच्या अंगणाबाहेर उभी केली. केशा पुढच्या सीटवर बसून पाय हलवत होती. वहिनी आंब्याखाली होती. मी तिला म्हटलं, "वहिनी, तोंड फिरव." तिने काही विचारलं नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि डोक्यावरून टॉवेल घेतला.

क्लेटन अंगणाच्या कडेला, ऐन उन्हात, पाठ करून उभा राहिला. दोनदा नुसताच घसा खाकरला. मला वाटलं, विसरला. मग त्याने सुरुवात केली.

"या आवारात बोललेलं ऐकलं गेलं," तो म्हणाला. "राग कुठेच नाही. कधी नव्हता." तो थांबला. पुढचं मी त्याला शिकवलेलं नव्हतं, त्याने ते स्वतः जुळवलं होतं. "निघण्याच्या दिवशी पायांवरची सूज दिसली होती. इकडूनही दिसली होती. तेव्हा इकडूनही ऊनच म्हटलं गेलं."

म्हणजे हा इतके महिने हे एकटाच घेऊन हिंडत होता. दोघंही तेच घेऊन हिंडत होती, एकाच रस्त्यावर, एकमेकांकडे पाठ करून.

वहिनीचा टॉवेल हलेना. क्लेटनने जरा वेळ वाट पाहिली आणि मग गाडीकडे पाऊल उचललं.

"रंग संपला आहे," वहिनी म्हणाली.

त्याच बोलीत. माझ्यासारखी अडखळत नव्हे, सरळ, माझ्या आईसारखी. तिला ती येते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तिला कधी ती वापरावीच लागली नव्हती.

क्लेटन थांबला.

"पिवळ्या मुळ्या लागतील," वहिनी म्हणाली. "नदीच्या वरच्या अंगाच्या. पुष्कळ. आणि गाभ्यातली पाती लागतील, या ऋतूत आणि पुढच्या. पाण्यातलंही कोणीतरी आणून द्यावं, ही डल्सी फक्त लहान पकडते."

आमच्यात माणूस परक्याकडे काही मागत नाही. ज्याच्याकडे हक्काने मागायचं तो आपला. ती मागतच सुटली. जळणासाठी लाकूड, छपराचं गळकं पन्हाळं, केशाला शाळेत सोडायला कोणीतरी. प्रत्येक मागण्याला क्लेटन त्या बोलीतलं "होय" म्हणत गेला. मी त्याला शिकवलेल्या शब्दांत तेवढा एक त्याला पक्का येत होता.

"मुळ्या आजच खणायला हव्यात," वहिनी शेवटी म्हणाली. "त्यासाठी खणायचं लोखंड लागेल."

क्लेटनने गाडीकडे पाहिलं. त्याची पहार गाडीत होती, आडवी, फळीला लागून. तिच्यावर गाद्या होत्या, गाद्यांवर पेट्या, पेट्यांवर सायकल.

"लोखंड सगळ्यांच्या तळाशी आहे," तो म्हणाला.

"तळाशी असलं तरी हवं," वहिनी म्हणाली.

केशा खाली उतरली आणि तिने पहिल्यांदा आपली सायकल मागितली. मग पेट्या आल्या, मग भांडी, मग गाद्या. क्लेटन एकेक वस्तू उतरवून भिंतीशी रचत होता, वहिनीकडे पाठ करूनच. ती टॉवेलखाली बसून उतरणाऱ्या प्रत्येक सामानाचा आवाज ऐकत होती. पहार हाताला लागली तेव्हा गाडी रिकामी झाली होती.